लाल बल्बखाली : वाचकांचे प्रश्न, जुन्या फोटोवाल्याची उत्तरं

मागच्या महिन्यात संपादकांनी चौकट टाकली होती : जुने फोटो, रोल, फोटोचा कागद यांबद्दल काही विचारायचं असेल तर लिहा. मला वाटलं, चार-पाच पत्रं येतील. पिशवीभर आली, आणि निम्मी खानदेशातली. काहींनी मूळ फोटोच पाकिटात घालून पाठवले. तसं करू नका बाबांनो, झेरॉक्स पाठवा. टपालात गहाळ झाले तर पाप मला.

मी कोण, असं दोघांनी विचारलंय. अमळनेरात माझा स्टुडिओ होता. 1971 साली, पंधराव्या वर्षी, मास्तरांच्या हाताखाली लागलो. हुद्दा म्हणाल तर ट्रे धुणे आणि चहा आणणे. शेवटचा प्रिंट 2008 साली काढला. त्या डार्करूममध्ये आता सुनेने लोणच्याच्या बरण्या ठेवल्यात. खोली थंड आहे, उजेड येत नाही, लोणच्याला मानवते.

प्रश्न : सासूबाईंच्या लग्नाचा 1956 सालचा फोटो आहे. त्यात कपाळावरचं कुंकू काळंठिक्कर आणि शालूही काळा. सासूबाई म्हणतात शालू लालभडक होता. नणंद म्हणते, त्यांना आठवत नाही. (एक सूनबाई, पारोळा)

सासूबाईंना बरोबर आठवतंय. नणंदेला हा अंक दाखवा.

फिल्मवर जो लेप असतो त्यात चांदीच्या क्षाराचे कण असतात. त्यांना मुळात निळा उजेड तेवढा कळतो. 1873 साली बर्लिनच्या फोगेल नावाच्या प्राध्यापकाला असं आढळलं, की लेपात थोडा रंग मिसळला तर हिरवा उजेडही उमटतो. अशा फिल्मला ऑर्थो म्हणत. लालाला मात्र ती आंधळीच. लाल शालूवरून आलेला उजेड तिच्या लेखी उजेडच नव्हता, म्हणून ती जागा प्रिंटमध्ये काळी उतरली. लालही कळणारी पँक्रोमॅटिक फिल्म तोवर सगळीकडे मिळत होती, पण लहान गावचे फोटोवाले ऑर्थो सोडायला तयार नसत. कारण साधं : ऑर्थो लाल बल्बच्या उजेडात धुता येते, निगेटिव्ह चढताना डोळ्यांना दिसते. पँक्रो धुवायची तर मिट्ट अंधारात, घड्याळाच्या भरवशावर. आमच्या मास्तरांचा घड्याळावर विश्वास नव्हता. मिलच्या भोंग्यावर होता, पण तो काही दर सहा मिनिटांनी वाजत नाही.

याचा एक तोटा होता. आपल्याकडच्या उन्हात रापलेल्या कातडीत तांबूसपणा जास्त, त्यामुळे ऑर्थोवर माणूस आहे त्याहून काळा यायचा. खेड्यावरून आलेला नवरदेव खुर्चीत बसायच्या आधीच सांगायचा, "भाऊ, मना फोटू गोरा काढजो." मग मास्तर निगेटिव्हवर टोक काढलेल्या पेन्सिलीने गालावर, ओठांवर बारीक रेघा मारायचे. निगेटिव्हवर जिथे पेन्सिल, तिथे प्रिंटवर उजळ. तुमच्या सासूबाईंचा फोटो तिरपा धरून पाहिलात तर गाल आणि कपाळ यांच्या पोतात फरक दिसेल. कुंकवाला मात्र मास्तर पेन्सिल लावत नसत. काळं का होईना, लांबून दिसलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

प्रश्न : आमची जिनिंग आहे. एका पाहुण्याने सांगितलं की जुनी सिनेमाची फिल्म कापसाची असायची. थट्टा केली की खरं आहे? (चोपडा)

खरं आहे. फक्त तुमच्या गाठीतल्या रुईची नव्हे, सरकीवर राहते त्या लवेची. रुई निघाल्यावर सरकीच्या अंगावर जी आखूड लव चिकटून असते, ती तेल काढायच्या आधी यंत्राने खरवडतात. त्याला बाजारात लिंटर म्हणतात हे मी तुम्हाला सांगायला नको. सूत काढायला ती निकामी, पण जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. नायट्रिक आम्लाची प्रक्रिया केली की त्याचा नायट्रोसेल्युलोज होतो, आणि थोडं पुढे गेलं की तोफेत भरायचा स्फोटक कापूस. ईस्टमनने 1889 साली बाजारात आणलेला पारदर्शक रोल या नायट्रोसेल्युलोजचा होता. सिनेमाचं थिएटर जळाल्याच्या जुन्या बातम्यांमागे बहुतेक वेळा तोच असायचा. नंतर त्याच सेल्युलोजवर अ‍ॅसेटिक आम्लाची प्रक्रिया करून न पेटणारी फिल्म आली. तिला सेफ्टी म्हणत; जुन्या निगेटिव्हच्या कडेला तो शब्द छापलेला दिसेल. पुढे लाकडाच्या लगद्याचंही सेल्युलोज वापरलं गेलं.

पाहुण्याला आणखी एक सांगा, पण देवघराजवळ उभं राहून सांगू नका. फिल्म कापसाची आणि तिच्यावरचा लेप जनावरांच्या हाडा-कातड्याच्या जिलेटिनचा. त्याला पर्याय शोधायचे प्रयत्न पुष्कळ झाले, पण जिलेटिनसारखं काही सापडलं नाही. ते थंडीत गोठतं, उबेत विरघळतं, पाण्यात फुगून औषध आत घेतं आणि चांदीचे कण जागच्या जागी धरून ठेवतं. बरं, सगळं जिलेटिन सारखं नसे. एका खेपेची फिल्म चलाख निघायची, दुसऱ्या खेपेची मठ्ठ. कोडॅकच्या सॅम्युअल शेपर्ड या शास्त्रज्ञाने 1925च्या सुमारास कारण शोधलं : जिलेटिनमध्ये मोहरीच्या तेलात असतं तसलं गंधकयुक्त द्रव्य किंचित असेल तर फिल्म चलाख होते. जनावराने चाऱ्यात मोहरीच्या जातीचं काही खाल्लं असेल तर ते पुढे हाडा-कातड्यात, तिथून जिलेटिनमध्ये. मग ते द्रव्य मोजून घालायला लागले. मी हे आईला सांगितलं होतं. ती म्हणाली, फोडणीशिवाय काहीच होत नाही.

प्रश्न : मी अभियांत्रिकीला आहे, सध्या फिल्मवर फोटो काढतो. रोल इंग्लंडचा, कागद झेक प्रजासत्ताकातला. उटीला आपला कारखाना होता असं वाचलं. आपण चंद्रावर यान पाठवतो आणि एक रोल का बनवू शकत नाही? (धुळे)

गंमत बघ पोरा, आपल्या रोलचं नावच 'इंदू' होतं. इंदू म्हणजे चंद्र.

हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही सरकारी कंपनी 1960 साली स्थापन झाली. फ्रान्सच्या बॉशे कंपनीकडून तंत्र घेतलं आणि 1967 साली माल निघू लागला : काळे-पांढरे रोल, फोटोचा कागद, एक्स-रे, सिनेमाची पॉझिटिव्ह. परकीय चलनाची तेव्हा एवढी टंचाई, की फोटोच्या कागदासाठी डॉलर घालवणं परवडत नव्हतं. चीननेही जवळपास तेव्हाच, 1958 साली, बाओडिंगला स्वतःचा कारखाना उभारला. त्यांचा ब्रँड 'लकी'.

उटीच का? हवा थंड, धूळ कमी, पाणी चांगलं. फिल्मच्या कारखान्याला धुळीची जी भीती असते तिची कल्पना बाहेरच्या माणसाला येत नाही. 1945 साली अमेरिकेत कोडॅकच्या एक्स-रे फिल्मवर काळे ठिपके येऊ लागले. शोध घेतला तर दोष फिल्म भरायच्या पुठ्ठ्यात निघाला. तो गवताच्या लगद्याचा पुठ्ठा इंडियाना राज्यातल्या एका गिरणीतला. न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पहिल्या अणुबाँबची चाचणी झाली, तिची राख वाऱ्याने दूरवर गेली, पावसाबरोबर नदीत उतरली आणि गिरणीच्या पाण्यातून पुठ्ठ्यात आली. सरकारने जे गुप्त ठेवलं होतं ते फिल्मच्या खोक्याने ओळखलं. आता हा कारखाना आमच्याकडे वैशाखातल्या वावटळीत काढला असता तर काय झालं असतं, विचार कर.

मी 1985 साली उटीला गेलो होतो. सौ.ला सांगितलं बोटॅनिकल गार्डन बघायला चाललोय. ते पाहिलं, पण त्याआधी तिला कारखान्याच्या फाटकापाशी नेऊन उभं केलं आणि इंदूच्याच रोलवर तिचा फोटो काढला. आत अर्थातच सोडलं नाही. पाळी सुटायची वेळ होती. माणसं बाहेर आली की पहिली दोन-तीन मिनिटं डोळे किलकिले करून उभी राहायची, कपाळाला आडवा हात लावून, मग सायकलीकडे जायची. ते बघून मला फार जवळचं वाटलं. मीही दुपारी डार्करूममधून बाहेर आलो की तसाच उभा राहायचो. फरक एवढा, की माझ्याकडे लाल बल्ब तरी होता. पँक्रो फिल्मवर लेप चढतो, ती सुकते, कापली जाते, भोकं पडतात, गुंडाळली जाते, ते सगळं जवळजवळ काळोखात. माणसं बोटांनी आणि कानांनी काम करतात. यंत्राचा आवाज बदलला की समजायचं काही बिघडलं. सौ. तो फोटो अजून दाखवते आणि म्हणते, हनीमूनला लोक तळ्याकाठी उभे राहतात.

तुझा प्रश्न. यान एकदा नीट गेलं की काम फत्ते. रोलचं तसं नाही. सोमवारी निघालेला आणि शुक्रवारी निघालेला रोल सारखाच पाहिजे, वर्षानुवर्षं. लेप करणं हे दही लावण्यासारखं आहे. कोमट जिलेटिनात ब्रोमाइड विरघळवायचं, त्यात चांदीच्या नायट्रेटची धार हळूहळू सोडायची, मग ते मुरू द्यायचं. किती वेळ, किती उबेत, किती ढवळून, यावर कणाचा आकार ठरतो आणि कणावर फिल्मचा वेग. गोठवायचं, शेवयांसारखं पाडायचं, थंड पाण्यात धुवायचं, पुन्हा उबेत मुरवायचं. कृती कागदावर लिहून देता येते, यंत्रही विकत मिळतं. विरजण मिळत नाही. ते घरात रोज लागावं लागतं.

उटीत ते लागलं होतं, असं माझं मत. वीस-बावीस वर्षं एक पिढी त्यात मुरली. मग ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेच्या ड्यूपाँटकडून तंत्र घेऊन पॉलिएस्टरच्या एक्स-रे फिल्मचा नवा मोठा प्रकल्प हाती घेतला, कर्ज काढून. तो धड मार्गी लागतोय तोवर 1991 उजाडलं, आयातीवरचं शुल्क उतरत गेलं, बाहेरचा माल दारात आला. कर्जावर व्याज चढत राहिलं. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर कंपनी आजारी उद्योगांच्या मंडळापुढे गेली. त्यानंतर डिजिटल. 2014 साली केंद्राने उरलेल्या कामगारांसाठी स्वेच्छानिवृत्तीची योजना मंजूर केली.

सरकारी होती म्हणून बुडाली, असं लगेच म्हणू नकोस. जर्मनीत वोल्फेनला 1909 सालचा आग्फाचा प्रचंड कारखाना होता. रंगीत फोटोची एक मोठी पायरी 1936 साली तिथेच चढली गेली. युद्धानंतर तो पूर्व जर्मनीत गेला, सोव्हिएत लोकांनी बरीच यंत्रं उचलून नेली, तरी तिथल्या माणसांनी, त्यात बायका मोठ्या संख्येने, तो पुन्हा चालवला. 'ऑर्वो' म्हणजे ओरिजिनल वोल्फेन. आमच्या तरुणपणी सिनेमाच्या पाटीवर ऑर्वो कलर असायचं, कारण पूर्व जर्मनीशी रुपयात व्यवहार होता, डॉलर लागत नव्हते. भिंत पडली, जर्मनी एक झाली आणि काही वर्षांत कारखाना बंद. आता तिथे संग्रहालय आहे. ती माणसं काल हुशार आणि आज अडाणी झाली होती का?

खासगी म्हणावं तर कोडॅक. 1988 साली जगभर मिळून तिचे 1 लाख 45 हजार कामगार. रोचेस्टर गावात 1912 पासून नफ्यातला वाटा कामगारांना मिळायचा आणि त्या दिवसाची वाट दुकानदारही बघायचे. आमच्याकडे मिलचा दिवाळी बोनस झाला की माझ्या स्टुडिओबाहेर रांग लागायची, तसंच. तीच कोडॅक जानेवारी 2012 मध्ये दिवाळखोरीत गेली. क्रोएशियातला एफके फिल्मचा कारखाना जर्मनीतून आणलेल्या जुन्या यंत्रांवर चालायचा. 2012 साली मुख्य यंत्र मोडलं, दुरुस्ती परवडेना, संपलं.

मग तरलं कोण? ज्यांना लहान होता आलं ते. तुझा इंग्लंडचा रोल बहुधा इल्फर्डचा असणार. 1879 सालची कंपनी, 2004 साली बुडीत निघाली; तिथल्याच काही व्यवस्थापकांनी 2005 मध्ये ती विकत घेतली, काळ्या-पांढऱ्यावर लक्ष ठेवलं आणि मोबर्लीतला कारखाना चालू ठेवला. तुझा कागद फोमाचा, 1921 पासून ह्रादेत्स क्रालोव्हे गावातला. साम्यवाद आला, गेला, कंपनी सरकारी झाली, खासगी झाली, लेप चढवणं थांबलं नाही. रोचेस्टरलाही एक इमारत अजून फिल्म काढतेच आहे. मोठ्या यंत्राला कमी माल काढायला सांगणं फार अवघड असतं. एकदा सुरू केलं की ते किलोमीटरच्या हिशेबाने फिल्म ओकतं. आपल्याकडे लहान होण्याची कोणाला सवड मिळाली नाही. मोठं होण्याचं कर्जच डोक्यावर होतं.

आणि थोडं पाप माझ्याही माथी आहे. गिऱ्हाईक विचारायचं, "कागद बाहेरचा ना?" मी मान हलवायचो. काउंटरवर कोडॅकचं पिवळं रिकामं खोकं मांडून ठेवलेलं असायचं. आत प्रिंट इंदूवर निघायचे. चांगले निघायचे, आज चाळीस वर्षांनी घरोघर टांगलेले आहेत. पण त्याचं नाव मी एकदाही घेतलं नाही, कारण नाव घेतलं तर गिऱ्हाईक चार आणे कमी द्यायचं.

प्रश्न : फिल्म संपली तर कोडॅक बुडाली आणि फुजी कशी वाचली? (अमळनेर)

अहो शेजारी, अमळनेरच्या माणसाने हे विचारायचं? 1945 साली आपल्या गावात वनस्पती तुपाची कंपनी निघाली, तिची पुढे विप्रो झाली आणि ती कॉम्प्युटरमध्ये गेली. तुमच्या काकांनी शेअर ठेवले आणि माझ्या बापाने विकून म्हैस घेतली, हे तुम्हाला माहीत आहे.

फुजीने तेच केलं. जिलेटिन म्हणजे कोलॅजेन, आपल्या कातडीतलंच द्रव्य. त्याचा आणि रंग फिका पडू न देण्याचा सत्तर वर्षांचा अभ्यास होता. 2007 साली त्यांनी चेहऱ्याला लावायची क्रीम काढली. फिल्मचा जो पारदर्शक आधार, अ‍ॅसेटेटचा, तो टीव्ही आणि कॉम्प्युटरच्या सपाट पडद्यांत लागतो, तोही विकला. कोडॅकने आपला रसायनांचा धंदा 1994 साली वेगळा काढून टाकला होता. म्हैस घेतली म्हणा ना.

प्रश्न : माळ्यावर फोटोच्या कागदाचं न फोडलेलं पाकीट सापडलं. चालेल का? (शिरपूर)

दिवसाउजेडी फोडू नका, एवढं आधी वाचा. लाल बल्बखाली दोन पट्ट्या कापा. एक उजेड न दाखवता डेव्हलपरमध्ये, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या औषधात, दोन मिनिटं आणि मग हायपोत, म्हणजे चित्र पक्कं करणाऱ्या औषधात. दुसरी सरळ हायपोत. दोन्ही शेजारी ठेवा. पहिली करडी दिसली तर कागद शिळा. थोडा करडेपणा डेव्हलपरमध्ये पोटॅशियम ब्रोमाइड वाढवून झाकता येतो. फारच काळवंडली तर पिंपळाचं पान कागदावर ठेवून वर काच दाबा आणि गच्चीवर तासभर उन्हात ठेवा. डेव्हलपर न लावता नुसत्या उन्हाने जांभळा, तपकिरी ठसा उमटतो. हायपोत घातलात की फिका होईल, पण टिकेल.

प्रश्न : आमच्याकडे एकाच कुटुंबाचे वीस-पंचवीस फोटो आहेत. 1972-73 चे तेवढे पिवळे-तपकिरी डाग पडून गेले, आधीचे आणि नंतरचे स्वच्छ आहेत. असं का? (नंदुरबार)

हे पत्र वाचून मी थोडा वेळ बाजूला ठेवलं.

72 चा दुष्काळ. अमळनेरात पाणी टँकरने, तेही दिवसाआड. जाड, फायबरचा कागद हायपोतून काढल्यावर वाहत्या पाण्यात तासभर धुवावा लागतो. हायपो कागदाच्या धाग्यांत शिरून बसतो. राहिला तर त्यातलं गंधक हळूहळू चांदीला खातं, आणि ते पिवळे-तपकिरी डाग म्हणजे तेच. मास्तर सांगायचे, एक बादली कमी वापर पण सहा वेळा पाणी बदल. मी सोळा वर्षांचा. तीन वेळा बदलायचो आणि उरलेलं पाणी घागरीत भरून घरी न्यायचो. घरी आई, तीन बहिणी. मास्तरांना कळलं नाही, की कळून बोलले नाहीत, मला आजही सांगता येणार नाही.

तेव्हा तपासायची सोपी रीत होती, नंतर मी कायम वापरली. विहिरीत टाकतात ते लाल औषध, पोटॅशियम परमँगनेट, पाण्यात फिकं गुलाबी करायचं. प्रिंटवरून निथळलेले थेंब त्यात पाडायचे. गुलाबी रंग उडाला तर हायपो शिल्लक आहे, अजून धुवा.

1991 साली एक गृहस्थ आले, हातात त्यांच्या आईचा फोटो. बाई 73 मध्ये वारलेल्या, दुसरा फोटो नाही. निम्मा चेहरा तपकिरी डागात गेलेला. मागे आमचा शिक्का होता. मी कॉपी निगेटिव्ह काढली, निळ्या फिल्टरने डाग वाढतो आणि पिवळ्या-नारिंगीने दबतो, म्हणून नारिंगी लावला, दोन रात्री रिटच केलं. पैसे घेतले नाहीत. त्यांना वाटलं मी दिलदार आहे.

तुमचे डाग आता उलटवता येणार नाहीत. पुन्हा धुण्याच्या फंदात पडू नका, लेप सुटेल. रंगीत स्कॅन करून घ्या, कॉम्प्युटरवर डागाचा रंग वेगळा काढता येतो.

प्रश्न : वडिलांच्या 8 एमएमच्या रिळांच्या डब्यातून व्हिनेगरसारखा वास येतो. पेट घेईल का? (भुसावळ, रेल्वे क्वार्टर्स)

पेट घेणार नाही. 8 आणि 16 एमएमची फिल्म सेफ्टीच असते. पेटते ती जुनी 35 एमएमची नायट्रेट. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये जानेवारी 2003 मध्ये त्याच जातीच्या साठ्याला आग लागून कितीतरी जुने चित्रपट गेले. तुमचा वास अ‍ॅसेटिक आम्लाचा आहे. अ‍ॅसेटेट दमटपणात आणि उष्णतेत मोडतं, आम्ल सुटतं आणि ते आम्ल उरलेल्याला आणखी वेगाने मोडतं. एक नासकं केळं घडाला लागतं, तसं. वास येणारी रिळं बाकीच्यांपासून आज वेगळी करा. घट्ट झाकणाच्या डब्यातून काढा, थंड कोरड्या जागी ठेवा आणि फिल्म आखडून प्रोजेक्टरवर चढेनाशी व्हायच्या आत डिजिटल करून घ्या. भुसावळच्या क्वार्टरच्या माळ्यावर मे महिन्यात काय तापतं ते मला माहीत आहे. तिथे तर अजिबात नको.

प्रश्न : एक माणूस दर महिन्याला जुने एक्स-रे किलोवर विकत घेतो. त्याचं काय करतो? (जळगाव)

चांदी काढतो. एक्स-रे फिल्मला दोन्ही बाजूंना लेप असतो, म्हणून साध्या निगेटिव्हपेक्षा चांदी जास्त. आम्हीही वापरलेला हायपो ओतून देत नसू. घागरीत साठवायचा, त्यात लोखंडी काथ्या टाकायचा, आठवड्याने तळाशी काळा गाळ बसायचा. दिसायला चिखल, पण जळगावच्या सराफ बाजारात त्याला गिऱ्हाईक होतं. जानेवारी 1980 मध्ये अमेरिकेत हंट बंधूंनी चांदी साठवून भाव आभाळाला भिडवला, तेव्हा माझ्याकडे चिखल विचारायला माणसं घरी यायची आणि त्याच महिन्यात रोल-कागद महागले म्हणून गिऱ्हाईक भांडायचं. मार्चअखेर भाव कोसळला. कागदाचा भाव काही उतरला नाही. एक्स-रे विकण्याआधी त्यावरचं नाव कापून टाका, एवढं करा.

प्रश्न : घरी रोल धुतो. हिवाळ्यात छान आले, एप्रिलनंतर निगेटिव्हवर वाळलेल्या तळ्यासारख्या भेगा पडतात. (शहादा)

त्याला आम्ही जाळी पडणं म्हणतो. जिलेटिन गरम पाण्यात फुगतं, थंडात आक्रसतं; एकातून एकदम दुसऱ्यात गेलं की त्वचेसारखं सुरकुततं. तुमचा डेव्हलपर तुम्ही फ्रिजमधून काढून वीस अंशांवर आणत असणार, ते बरोबर. चुकतंय ते पुढे. हायपो आणि धुण्याचं पाणी खोलीतलं, म्हणजे पस्तीस-छत्तीस.

आम्ही पाव लादी बर्फ आणायचो, फडक्यात फोडायचो आणि पिशवीत बांधून ट्रेखालच्या परातीत ठेवायचो. बर्फ औषधात टाकायचा नाही, पातळ होतं. तुम्ही तीनही बाटल्या एकाच टबात बुडवून ठेवा आणि थर्मामीटर तीनही बाटल्यांत घाला. वीस जमत नसेल तर चोवीसवर करा आणि डेव्हलपरची वेळ तक्त्याप्रमाणे कमी करा; तिन्ही सारखे असणं जास्त महत्त्वाचं. तुरटी घातलेला हायपो मिळाला तर घ्या, त्याने लेप कडक होतो. धुण्यासाठी आदल्या रात्री दोन माठ भरून ठेवा. नळ शेवटपर्यंत सोडू नका. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी आहे ते, दुपारी चारला चहा होईल त्यात.